दोन घरांचा शेजारी

दोस्तांनो, सोलापूर म्हटलं की तुम्हाला काय काय आठवतं? चादर, शेंगाची चटणी, कडक भाकरी, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा... आणि ऊन! एप्रिल-मे महिन्यात डांबर मऊ करणारं, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. सोलापूर म्हटल्यावर बेडूक काही कुणाला आठवत नाही. बेडूक म्हणजे कोकणातला, भातखाचरातला प्राणी. आपल्या कोरड्या मुलखात त्याचं काय काम?

मलाही असंच वाटायचं. पण जुळे सोलापुरात राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. मृग लागून तीन-चार दिवस झाले होते. संध्याकाळी आभाळ काळंकुट्ट झालं, धुळीचा लोट उठला, लाइट गेली आणि तासभर असा पाऊस कोसळला की समोरच्या मोकळ्या प्लॉटचं तळं झालं. रात्री दहाच्या सुमारास त्या तळ्यातून आवाज आला. आधी एक, मग दोन, मग पन्नास! जाड, घोगरा, पोटातून निघालेला आवाज. शेजारची चिमुरडी घाबरून आईला म्हणाली, "आई, बाहेर बैल ओरडतायत!"

तिचं फारसं चुकलं नव्हतं बरं का. त्या ओरडणाऱ्याच्या नावातच बैल आहे. इंग्रजीत त्याला 'इंडियन बुलफ्रॉग' म्हणतात, म्हणजे बैल-बेडूक. आपल्याकडे म्हण आहे ना, बेडकी कितीही फुगली तरी बैल होत नाही? या पठ्ठ्यानं फुगून निदान बैलाचं नाव तरी मिळवलं!

आज आपण या बैल-बेडकाच्या गावाला जाणार आहोत. त्याचं गाव म्हणजे जुळे सोलापूर. चला तर.

आसरा चौकातून पुढे

सात रस्त्यावरून होटगी रोडनं निघालं की आसरा चौक लागतो. तिथून रेल्वेवरचा पूल ओलांडला की जुळे सोलापूर सुरू. पलीकडच्या बाजूला विजापूर रोड. या दोन रस्त्यांच्या मध्ये हे नवं गाव वसलं. जुन्या सोलापूरला जागा पुरेना, म्हणून दक्षिणेला त्याचं जुळं भावंड उभं राहिलं. नावही पडलं 'जुळे सोलापूर'. 1992 साली महापालिकेची हद्द वाढली, भोवतालची गावं शहरात आली आणि घरांचा वेग वाढला. आज इथे बंगले आहेत, अपार्टमेंट आहेत, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, सगळं काही आहे.

त्याआधी इथे काय होतं? शेतं आणि माळ. काळ्या मातीत ज्वारी, मुरमाड जागी गवत, मधूनमधून ओढे आणि खोलगट जागा. आता तुम्ही म्हणाल, माती आणि ज्वारीचा बेडकाशी काय संबंध? फार जवळचा! आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. एवढ्या रुंद भेगा पडतात की त्यात चेंडू हरवावा. पण पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी चटकन खाली झिरपत नाही. म्हणजे काळ्या मातीतला खोलगट भाग हा निसर्गानं तयार केलेला एक उथळ हौद असतो. तो दीड-दोन महिने भरलेला राहतो, नंतर आटून जातो.

सोलापूरला वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर! शिवाय आपला पाऊस लहरी. जूनमध्ये तोंड दाखवतो, जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी पंधरा-वीस दिवस दडी मारतो आणि खरा जोर धरतो तो सप्टेंबरात. म्हणून तर आपल्याकडे रब्बीची ज्वारी. आजोबा पंचांग उघडून पावसाच्या नक्षत्राचं वाहन बघतात, ते तुम्ही पाहिलंय का? मोर, कोल्हा, गाढव, उंदीर... आणि बेडूक! वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की आजोबा खूष होतात. भरपूर पावसाची खूण. जिथे पावसाची एवढी वाट पाहतात, तिथेच बेडकाला हा मान मिळतो. बेडूक काही पाऊस आणत नाही, पण पावसाची त्याच्याइतकी वाट कुणी पाहत नसेल. का, ते आता बघू.

पिवळाधम्मक नवरदेव

त्या रात्री आम्ही चार-पाच जण बॅटऱ्या घेऊन प्लॉटच्या कडेला गेलो. बॅटरीचा झोत पाण्यावर पडला आणि सगळेच "अबब!" म्हणालो. एरवी बैल-बेडूक हिरवट-तपकिरी असतो, अंगावर गडद ठिपके आणि बहुधा पाठीवरून जाणारी एक फिकट रेघ. मातीत बसला तर दिसणारसुद्धा नाही. पण पावसाच्या सुरुवातीला नर लिंबासारखे पिवळेधम्मक होतात! गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्याशार पिशव्या फुगतात, त्या फुग्यांतूनच तो दणदणीत आवाज निघतो. ओरडतात ते फक्त नर. "या, या, इथे पाणी आहे!" अशी ती माद्यांना घातलेली साद असते. हा पिवळा रंग काही दिवसांपुरताच. हळद लावलेल्या नवरदेवासारखा. लग्न झालं की रंग उतरला!

हा आपल्या देशातला सगळ्यात मोठ्या बेडकांपैकी एक. नाकापासून बुडापर्यंत पंधरा-सोळा सेंटिमीटर होऊ शकतो, मोठ्या माणसाचा तळहात भरून उरेल एवढा. त्याचं शास्त्रीय नाव होप्लोबॅट्राकस टायगेरिनस. जुन्या पुस्तकांत ते 'राना टायग्रिना' असं सापडेल. आपल्या सोलापुरात मात्र त्याला घराघरात वेगळं नाव. मराठी घरात बेडूक, कन्नड घरात कप्पे, तेलुगू घरात कप्पा. शेजारच्या कन्नड अज्जी तर पहिला आवाज आला की "कप्पे आली, आता पेरणीला लागा!" असं ओरडून सांगायच्या. पेरायला त्यांच्याकडे आता कुंड्याच उरल्या होत्या, ती गोष्ट वेगळी.

पाण्यातलं घर

दुसऱ्या दिवशी सकाळी तळं शांत होतं. नवरदेव गेले, वऱ्हाड गेलं. मागे राहिली अंडी. मादी एकावेळी हजारोंनी अंडी घालते. कोंबडीच्या अंड्याला कवच असतं, तसं बेडकाच्या अंड्याला नसतं. असतं फक्त जेलीसारखं पारदर्शक आवरण. उन्हात पडलं तर तासाभरात सुकून जाईल. म्हणून अंडी पाण्यातच हवीत. (पाण्यात काळ्या मण्यांच्या माळेसारखी अंडी दिसली, तर ती बैल-बेडकाची नव्हेत. ती भेकाची, म्हणजे त्या खरबरीत पाठीच्या, अंगणात दिव्याखाली किडे टिपणाऱ्या बाबाची.)

आपल्याकडच्या कोमट पाण्यात एक-दोन दिवसांतच अंड्यातून पिल्लं निघतात. त्यांना म्हणायचं बेडूकमासे. डोकं, शेपूट आणि श्वास घ्यायला माशासारखे कल्ले. पाय नाहीत, फुप्फुसं तयार नाहीत. हा प्राणी या वयात पाण्याबाहेर जगूच शकत नाही.

बहुतेक बेडकांची पिल्लं शेवाळ, सडकी पानं खरडून खातात. आपल्या बैल-बेडकाची पिल्लं मात्र जन्मजात शिकारी. डासांच्या अळ्या खातात, दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात, आणि अन्न कमी पडलं तर एकमेकांनाही खातात! आमच्या गल्लीतल्या मुलांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन दिवस ती बेडूकमाशांवर रागावून होती. "काका, हे राक्षस आहेत!" पण विचार करा. हजारो अंडी, एवढंसं तळं, आणि आटत जाणारं पाणी. सगळ्यांना पुरेल इतकं अन्न नाही, सगळ्यांना पुरेल इतका वेळही नाही. ज्याला भरपूर खायला मिळेल तो लवकर मोठा होईल, आणि जो लवकर मोठा होईल तोच पाणी आटायच्या आत बाहेर पडेल. ही शर्यत आहे दोस्तांनो! एका बाजूला बेडूकमासा आणि दुसऱ्या बाजूला सोलापूरचं ऊन.

आता तुमच्यातला एखादा हुशार विचारील, "मग बेडकानं असल्या आटणाऱ्या डबक्यात अंडी घालायचीच कशाला? विजापूर रोडवर एवढा मोठा संभाजी तलाव आहे. तिथे जावं की!"

प्रश्न बरोबर आहे. संभाजी तलाव, म्हणजे जुन्या लोकांचा कंबर तलाव, जुळे सोलापूरपासून हाकेच्या अंतरावर. पाणी भरपूर. पण तिथे मासे आहेत! मोठ्या, कायमच्या पाण्यात मासे असतात आणि मासे अंडी नि पिल्लं फस्त करतात. पावसाळी डबकं मात्र दरवर्षी आटतं, म्हणून त्यात मासा टिकत नाही. आलं ना ध्यानात? ज्या आटण्यामुळे पिल्लांच्या जिवाला घोर, त्याच आटण्यामुळे त्यांना संरक्षण! आपल्याला वाटतं, डबकं म्हणजे बिघडलेलं तळं. बैल-बेडकाला विचाराल तर तो सांगेल, डबकं म्हणजेच योग्य तळं. फक्त ते फार लवकर आटता कामा नये. पाच ते सात आठवडे पाणी टिकलं पाहिजे, एवढीच त्याची मागणी.

पिंपाच्या तळाचं पाणी

त्या वर्षी नेमकी तीच मागणी पुरी होईना. जुलैत पावसानं ताण दिला. एक आठवडा गेला, दोन गेले, ऊन पुन्हा चैत्रासारखं. तळं सरकत सरकत मध्यभागी आलं. आधी खोलीएवढं, मग चटईएवढं, मग दोन परातींएवढं. त्यात बेडूकमाश्यांची दाटी. काहींना मागचे पाय फुटलेले. मागचे पाय आधी येतात, पुढचे नंतर. म्हणजे अजून निदान आठ-दहा दिवस हवे होते. वर कावळे आणि बगळे टपून बसलेले.

गल्लीतली मुलं बादल्या घेऊन निघाली आणि मोठी माणसं दारात आडवी आली. चूक त्यांचीही नव्हती. त्या दिवसांत आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं. घरोघरी पिंप, टाक्या, हंडे भरून ठेवलेले. "माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही बेडकाला पाजताय?" एका काकांनी विचारलं. मुलांकडे उत्तर नव्हतं. खरं सांगू? माझ्याकडेही नव्हतं.

उत्तर दिलं कन्नड अज्जींनी. त्या म्हणाल्या, "नळ आला की पिंपाच्या तळाचं शिळं पाणी आपण अंगणात फेकतोच की. ते फेकायच्या जागी फेकायचं, एवढंच!"

झालं. नळ आला की प्रत्येक घरातनं तळाचं अर्धी-पाऊण बादली शिळं पाणी निघायचं, ते प्लॉटवर जायचं. गंमत म्हणजे बेडूकमाशांना तेच पाणी बरं. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतं, ते त्यांच्या नाजूक कल्ल्यांना सोसत नाही. चार दिवस उघडं राहिलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून गेलेलं असतं. साबणाचं किंवा भांडी धुतलेलं पाणी मात्र अजिबात नाही, ते विषच. मुलांनी बाभळीची एक वाळकी फांदी पाण्यावर आडवी टाकली. थोडी सावली झाली, बगळ्यांनाही अडचण झाली.

सगळी वाचली का? नाही. रोज सकाळी काही मेलेली दिसायची. पण श्रावण लागला, बारीक सरी सुरू झाल्या आणि एके सकाळी चिखलाच्या काठावर नखाएवढ्या बेडकांचा मेळा भरला! चार पाय, आणि मागे शेपटीचं छोटं बोंडूक. या शेवटच्या दिवसांत पिल्लू काही खात नाही. त्याचं तोंड रुंद होत असतं, आतडं आखूड होत असतं, कल्ले जाऊन फुप्फुसं कामाला लागत असतात. एवढी मोठी दुरुस्ती चालू असताना जेवणार कसं? तेव्हा त्याची शेपूट हीच त्याची शिदोरी. ती तुटून पडत नाही. आतल्या आत जिरते आणि तिच्यावर पिल्लू दिवस काढतं. मुलांनी पहिल्या दिवशी मोजली, सत्तावन्न. हजारोंतली सत्तावन्न!

जमिनीतलं घर

इथे गोष्ट संपली असं वाटतं ना? शाळेच्या पुस्तकातली आकृती इथेच संपते. अंडं, बेडूकमासा, पिल्लू, बेडूक, आणि परत बाण अंड्याकडे. पण त्या बाणाच्या पोटात वर्षं लपलेली असतात. पिल्लू पाण्यातून निघालं, आता ते राहणार कुठे?

बेडकाची कातडी हीच त्याची अर्धी नाक-तोंड. ओल्या कातडीतून तो श्वास घेतो, पाणीही तोंडानं न पिता पोटाकडच्या कातडीनं शोषून घेतो. कातडी सुकली की तो संपला. म्हणून त्याला हवी ओलसर, सावलीची, गवताची, मऊ मातीची जागा, जिथे किडे मिळतील आणि दिवसा दडता येईल. मोठा झाल्यावर तो तोंडात मावेल ते खातो. टोळ, भुंगे, गांडुळं, लहान बेडूक, कधी उंदराचं पिल्लूसुद्धा. आणि त्याला खायला धामण, विरोळा, बगळे तयारच असतात.

पाऊस संपला, जमीन सुकायला लागली की बैल-बेडूक ओल्या मातीत खोल शिरतो किंवा आयत्या बिळात घुसतो आणि गप्प पडून राहतो. हृदयाचे ठोके मंद, श्वास मंद, खाणं बंद. गड्ड्याची जत्रा वर होऊन जाते, परीक्षा होतात, उन्हाळ्याची सुट्टी लागते, तुम्ही मामाच्या गावाला जाऊन येता, आणि हा आपला पायाखाली वाट पाहतोय! मृगाचा पहिला दणका बसला, ओल खाली पोचली, की बाहेर.

म्हणजे बघा, या प्राण्याला घरं दोन लागतात. एक पाण्यातलं, दीड-दोन महिन्यांपुरतं. दुसरं जमिनीतलं, उरलेल्या वर्षासाठी. म्हणून तर त्याला उभयचर म्हणायचं. आणि तिसरी गोष्ट लागते, ती आपण नेहमी विसरतो. या दोन घरांमधली वाट! उगाचच आपण संकुचित माणसाला कूपमंडूक, डबक्यातला बेडूक म्हणतो. बिचारा बेडूक दरवर्षी घर बदलतो!

आमच्या सत्तावन्न पिल्लांची वाट कशी होती? एका बाजूला डांबरी रस्ता, संध्याकाळी त्यावरून स्कूटर-मोटारसायकलींची रहदारी. दुसऱ्या बाजूला शेजारच्या प्लॉटची नवी कोरी भिंत, आणि भिंतीपलीकडे गवत, बोरीची झुडपं, एक जुना बांध. म्हणजे पिल्लांना जायचं होतं तिथेच भिंत! रात्री बॅटरी घेऊन पाहिलं तर पिल्लं भिंतीच्या पायथ्याशी रांग लावून बसलेली. मुलांनी दुसऱ्या दिवशी भिंतीवाल्या काकांना गाठलं. काका आधी हसले, मग गवंड्याला म्हणाले, "नाहीतरी पावसाचं पाणी जायला दोन भोकं ठेवायचीच होती. आत्ताच पाड." विटेएवढी दोन भोकं. बेडकांना तेवढा महामार्ग पुरला.

तळ्याच्या प्लॉटचे मालकही त्याच आठवड्यात आले. कर्ज काढून घर बांधणार होते, खोलगट जागा भरायला मुरमाच्या गाड्या सांगून ठेवल्या होत्या. मुलांनी त्यांना वाकून पिल्लं दाखवली. ते बराच वेळ बघत बसले. "दसऱ्याला पाया घेतो," म्हणाले, "तोवर गाड्या थांबवतो." दसऱ्याला पाया घेतला. पुढच्या जूनमध्ये तिथे स्लॅब पडला होता. पहिल्या पावसाच्या रात्री आम्ही खिडक्या उघड्या टाकून बसलो. आमच्यासमोर शांतता होती. पण दूरवर, ओढ्याच्या बाजूनं, तोच घोगरा आवाज येत होता. एकच. मग दुसरा. त्यांतला एखादा आमच्या सत्तावन्नांपैकी असेल का? इतक्या लवकर तो गाण्याइतका मोठा झाला असेल असं नाही. पण मुलांनी तसं ठरवून टाकलं आणि मी काही बोललो नाही.

बैल-बेडूक गेला तर काय बिघडलं?

मोठी माणसं हा प्रश्न विचारतातच, म्हणून उत्तर तयार ठेवा. एक जुनी हकिकत सांगतो. परदेशातल्या हॉटेलांत बेडकाच्या तंगड्या आवडीनं खातात. एकेकाळी आपल्या देशातून वर्षाला हजारो टन तंगड्या निर्यात व्हायच्या, आणि त्यासाठी पकडला जायचा तो मुख्यतः हाच धिप्पाड बेडूक. बेडूक कमी झाले तर पिकांवरचे किडे खाणार कोण, अशी काळजी वाटू लागली. शेवटी 1987 साली भारतानं ही निर्यात बंद केली.

दुसरा आक्षेप, "डबकं ठेवलं तर डास होतील!" काळजी खरी आहे, पण नीट बघा. डेंग्यूचा डास घराजवळच्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. उघडी पिंपं, कूलर, टायर, गच्चीवरचे डबे. ती आधी झाका! डबक्यात डासांच्या अळ्या होतात हे खरं. पण तिथे त्यांना खाणारे बेडूकमासे असतात, चतुरांची पिल्लं असतात. टायरमध्ये कुणी नसतं.

बैल-बेडूक सगळीकडे चांगला असंही समजू नका. अंदमानच्या बेटांवर तो मुळात नव्हता. अलीकडच्या काळात माणसांच्या हातून, माशांच्या बीजाबरोबर तिथे पोचला, आणि आता त्याची ती खादाड पिल्लं तिथल्या मूळ बेडकांच्या पिल्लांवर ताव मारतायत. प्राणी तोच, पण जागा चुकली की उपद्रव. म्हणून बेडूकमासे बाटलीत भरून दुसऱ्या तळ्यात सोडायला नेऊ नका. मदत करायची तर त्यांच्याच जागी करायची.

बैल-बेडूक अजून जगातून नाहीसा होण्याच्या यादीत नाही. पण जगातल्या दर पाच उभयचर जातींपैकी दोन धोक्यात आहेत. आणि एखादी जात जगातून जाण्याआधी ती गल्लीतून जाते, मग गावातून जाते. पाणथळ जागा म्हटलं की आपल्याला नांदूर मधमेश्वर आठवतं, लोणार आठवतं. त्यांची नावं आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत, हे चांगलंच आहे. पण दोन महिन्यांच्या डबक्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. ते भरून टाकलं तर कुणाला कळतही नाही. कळतं ते पुढच्या जूनमध्ये, आवाज आला नाही की.

प्रत्येक मोकळा प्लॉट तसाच राहावा असं मी म्हणणार नाही. माणसांनाही घरं हवीत. जुळे सोलापूर त्यासाठीच तर झालं. पण मोठ्या वसाहतीच्या नकाशात थोडी खुली जागा सोडलेली असते. बहुतेक ठिकाणी ती सपाट करून पेव्हर ब्लॉक बसवतात. त्याऐवजी तिचा एक कोपरा, सगळ्यात खोलगट, तसाच ठेवला तर? मातीचा, भोवती गवत असलेला, आणि कुंपणाच्या भिंतीला खाली दोन भोकं. खर्च काहीच नाही. पाण्यातलं घर, जमिनीतलं घर आणि मधली वाट, तिन्ही एका कोपऱ्यात.

तेव्हा दोस्तांनो, येत्या मृगात एक काम करा. पहिला मोठा पाऊस झाला की त्या रात्री कान द्या. आवाज कुठून येतो, ते मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जाऊन पाहा. बॅटरी आणि पायात बूट हवेतच, कारण बेडकांमागे सापही येतात. कडेला उभं राहूनच बघा, बेडकाला उचलू नका. वहीत तारीख लिहा. पहिली अंडी कधी, मागचे पाय कधी, पुढचे कधी, पाणी किती दिवस टिकलं. आणि ती वही तुमच्या वसाहतीच्या पुढच्या बैठकीला घेऊन जा. "इथे बेडूक आहेत" असं नुसतं म्हटलं तर मोठी माणसं हसतील. "इथे 12 जूनला अंडी, 20 जुलैला मागचे पाय आणि 2 ऑगस्टला पिल्लं" असं म्हटलं, तर थांबतील. निदान दसऱ्यापर्यंत तरी!

आसरा चौकातून पूल ओलांडताना मला नेहमी वाटतं, या गावाच्या वेशीवरच 'आसरा' लिहिलंय. माणसांना तो मिळाला. त्याच मातीत आपल्याही आधीपासून राहणाऱ्या एका शेजाऱ्याला दीड-दोन महिन्यांचा आसरा द्यायला काय हरकत आहे?